विद्यार्थी बाबासाहेब आणि शिष्यवृत्तीचा हक्क



बारावीचा निकाल लागला की चोपडा तालुक्यातील आपल्या घराघरांत एकच विचार सुरू होतो. पोराला कॉलेजात घालायचे, की केळीच्या बागेत नाहीतर जिनिंगवर कामाला पाठवायचे? पोरीला पुढे शिकवायचे, की स्थळ पाहायला लागायचे? अशा वेळी शिष्यवृत्तीच्या अर्जाची गोष्ट निघाली की दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. कोणी म्हणतो की आपण आता बौद्ध झालो, स्वाभिमानी झालो, मग सरकारपुढे हात कशाला पसरायचा? दुसरा म्हणतो की कागदपत्रांसाठी चकरा मारून मजुरी बुडवायची आणि हाती काय पडणार? शिक्षक म्हणून ही दोन्ही बोलणी मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. त्यांचे उत्तर मला परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातच सापडते. तुमच्या भिंतीवर त्यांची तसबीर आहे. घटनेचे शिल्पकार म्हणून तुम्ही त्यांना वंदन करता. आज मात्र एका शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्याच्या रूपात त्यांच्याकडे पाहा.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांच्या पोटी भीमराव जन्मास आले. आईचे छत्र लहानपणीच हरपले. साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसावे लागले, तहान लागली तरी नळाला हात लावता आला नाही. हे सर्व तुम्ही जाणताच. पुढे रामजीबाबा मुलांना घेऊन मुंबईस आले आणि परळच्या चाळीत एका खोलीत संसार मांडला. खोली एकच, माणसे अनेक. रामजीबाबा मुलाला लवकर झोपवीत, स्वतः जागत आणि पहाटे दोनच्या सुमारास त्याला अभ्यासाला उठवीत. आपल्या घरात अभ्यासाला जागा नाही असे सांगणाऱ्या मुलांनी ही खोली ध्यानात ठेवावी, आणि पालकांनी ते जागणे ध्यानात ठेवावे.

शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तेथे विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत असत. अस्पृश्य समाजातील एक मुलगा रोज पुस्तकात डोके घालून बसतो, हे त्यांनी हेरले आणि त्याच्याशी ओळख केली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्या काळी ही गोष्ट एवढी अपूर्व होती की सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली. त्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र भीमरावांना भेट दिले. पुढे १९५६ साली ज्या धम्माची दीक्षा घ्यायची, त्याची ओळख करून देणारे पुस्तक अशा रीतीने एका शाळामास्तराच्या हातून त्यांना मिळाले.

आता शिष्यवृत्तीची गोष्ट. रामजीबाबांनी मुलाला एल्फिन्स्टन कॉलेजात घातले खरे, पण थोड्याच काळात पैसा संपला आणि शिक्षण थांबण्याची वेळ आली. पुन्हा केळुसकर गुरुजी पुढे झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे होतकरू अस्पृश्य विद्यार्थ्यांना मदत करतात हे त्यांना ठाऊक होते. ते भीमरावांना घेऊन महाराजांना भेटले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरे ऐकून त्यांचे समाधान झाले, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली.

हे सयाजीराव आपल्या खानदेशाच्या शेजारचेच. मालेगाव तालुक्यातील कवळाणे हे त्यांचे जन्मगाव. शेतकऱ्याच्या घरातील हा मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्यास गेला, तेव्हा त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हते. अक्षराविना दिवस कसे जातात हे त्यांनी अनुभवले होते. म्हणूनच राजा झाल्यावर त्यांनी अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या आणि १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले.

त्या २५ रुपयांवर भीमराव शिकले. कॉलेजातील प्रा. म्युलर यांनी त्यांना पुस्तके दिली, कपडे दिले. १९१२ ची बी. ए.ची परीक्षा ते उत्तीर्ण झाले. विचार करा, दरमहाचे ते २५ रुपये मिळाले नसते तर काय झाले असते? बुद्धी तीच राहिली असती, कष्टही तेच राहिले असते, पण परळच्या चाळीतून एखाद्या गिरणीच्या खात्यात जाण्यावाचून दुसरी वाट उरली नसती.

पदवीनंतर १९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. इतक्यात वडिलांच्या आजारपणाची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबांचे निधन झाले. घरचा आधार तुटला. त्याच वर्षी महाराजांनी परदेशी शिक्षणासाठी विद्यार्थी पाठवावयाचे ठरविले. त्यांत भीमरावांची निवड झाली. तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड मिळावयाचे होते, आणि त्या बदल्यात शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करावयाची होती. ४ जून १९१३ रोजी त्यांनी या करारावर सही केली आणि जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले.

कोलंबिया विद्यापीठात या विद्यार्थ्याने काय केले पाहा. मिळणाऱ्या पैशातून घरी रमाईंना पैसे पाठवावे लागत. म्हणून खाण्यापिण्यावर काट मारली, करमणुकीकडे पाठ फिरवली आणि दिवसाचे कितीतरी तास ग्रंथालयात काढले. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. १९१५ साली एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींवरचा निबंध वाचला, आणि त्याच वर्षी अर्थशास्त्रावरील प्रबंध पूर्ण केला. शिष्यवृत्तीचा पैसा त्यांनी चैनीत उडवला नाही, की आपली मिळकत मानला नाही. ज्या कामासाठी तो दिला होता त्याच कामी लावला.

१९१६ साली ते लंडनला गेले. ग्रेज इन येथे बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. बडोद्याहून परत येण्याचा आदेश आला. अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली परतावे लागले. पुस्तकांचे सामान ज्या बोटीवर होते ती महायुद्धात बुडाली. त्या सामानाची जी भरपाई मिळाली तिच्यातूनच बडोद्याच्या प्रवासाचा खर्च भागवावा लागला.

बंधूंनो, येथे जरा थांबा. अमेरिकेत शिकून आलेला हा विद्वान करार पाळण्यासाठी बडोद्यास गेला, तेव्हा त्याला राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत त्याने कसाबसा आसरा घेतला. जात कळताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्याला तेथून बाहेर काढले. कामाठी बागेत बसून रात्रीच्या गाडीची वाट पाहावी लागली. महाराजांची शिष्यवृत्ती पदवी देऊ शकली, पण महाराजांच्याच राजधानीत माणूस म्हणून एक खोली देऊ शकली नाही. विद्या पैशाने मिळवता येते, परंतु जी समाजव्यवस्था माणसाला माणूस मानत नाही तिच्यात विद्वानही अस्पृश्यच राहतो. धर्मांतराचा विचार त्यांच्या मनात कसा रुजत गेला हे समजून घ्यायचे असेल तर कामाठी बागेतील ते काही तास विसरून चालणार नाही.

तरीही त्यांनी शिक्षण सोडले नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून काटकसरीने पैसा साठवला. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राने ५,००० रुपये उसने दिले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर आणि १९२३ साली डी. एस्सी. या पदव्या त्यांनी मिळवल्या. डी. एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी एकदा फेरलेखनासाठी परत पाठवला होता. तो त्यांनी पुन्हा लिहून सादर केला. एका विषयात नापास झाल्याबरोबर कॉलेज सोडणाऱ्या मुलांनी हे लक्षात घ्यावे.

आता त्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग. बाबासाहेबांना शिष्यवृत्ती मिळाली ती एका शिक्षकाचे लक्ष गेले म्हणून आणि एका राजाचे मन मोठे होते म्हणून. परंतु खेड्यापाड्यांतील हजारो मुलांना ना केळुसकर भेटतात, ना सयाजीराव. मदत कोणाच्या कृपेवर राहिली तर ती एकाला मिळते आणि नव्याण्णव मागे राहतात. म्हणून ही कृपा कायद्याने आणि सरकारी तिजोरीतून हक्क बनली पाहिजे, या दिशेने त्यांनी पुढे काम केले.

मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सभासद होते. त्या कामासाठी ते आपल्या खानदेशात आले होते. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी धुळ्याकडून परतताना ते चाळीसगावला उतरले. टांगेवाल्यांनी महारांच्या पुढाऱ्याला घेऊन टांगा हाकण्यास नकार दिला, म्हणून वस्तीतील एका बांधवाने सवय नसताना टांगा हाकला. पुलावर अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. ज्या समितीच्या कामापायी ही इजा झाली, तिच्या १९३० च्या अहवालात दलित विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे वाढवावीत अशी शिफारस होती.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सरकारला सादर केले. विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी देशातील विद्यापीठांत दरसाल २ लाख आणि परदेशी शिक्षणासाठी १ लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या द्याव्यात, ही त्यातील एक मागणी होती. १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. आज कॉलेजच्या सूचनाफलकावर तुम्ही जी भारत सरकारची शिष्यवृत्ती वाचता, ती हीच. पुढे घटनेच्या ४६ व्या कलमात दुर्बल घटकांचे शैक्षणिक हित जपण्याची जबाबदारी राज्यावर टाकण्यात आली. स्वतः त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात केली. महाविद्यालयांना दिलेली नावेच सांगतात की विद्या आणि धम्म ही त्यांच्या दृष्टीने एकाच वाटेवरची दोन पावले होती.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो बांधवांनी त्यांच्यासोबत धम्म स्वीकारला, आणि ६ डिसेंबरला ते आपल्यातून गेले. त्या काळच्या कायद्याप्रमाणे बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातींच्या यादीबाहेर जात असे. आपल्या वाडवडिलांनी सवलती जातील हे जाणून धम्म घेतला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राने मात्र १९९० साली कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हा बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला. मधली ३४ वर्षे एका पिढीने त्याची किंमत मोजली. म्हणून शिष्यवृत्ती घेणे हे बौद्धाच्या स्वाभिमानाला कमीपणा आणणारे आहे असे कोणी म्हणू नये. ती धम्म न सोडता, झगडून परत मिळवलेली आहे.

मग आपण काय करावे? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून अधिक असले तरी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची सवलत मिळू शकते. ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी बाबासाहेबांच्याच नावाची स्वाधार योजना आहे. परदेशी उच्च शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते निकालाची वाट न पाहता आधीच तयार ठेवा. केंद्राच्या सवलतींसाठी लागणाऱ्या दाखल्यावर बौद्ध धर्म आणि पूर्वीची अनुसूचित जात या दोन्हींचा उल्लेख आहे की नाही ते तपासा. पहिल्या वर्षी अर्ज भरून निश्चिंत होऊ नका, दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. अर्ज भरता येत नसेल तर विहारात या. रविवारच्या वंदनेनंतर शिकलेल्या दोन मुलांनी तासभर बसून वस्तीतील अर्ज भरून दिले तर तेही दानच आहे.

आणि ज्या मुलामुलींना शिष्यवृत्ती मिळते त्यांना एवढेच सांगतो. खात्यात रक्कम जमा झाली की ती मोबाइलवर उडवण्याआधी न्यूयॉर्कच्या त्या विद्यार्थ्याची आठवण करा. तो अर्धपोटी राहून पुस्तके घेत होता. पदवी घेऊन शहरात स्थिरावलात तर मागे वळून पाहा. तुमच्या वस्तीत आणखी एखादा मुलगा, एखादी मुलगी पुस्तकात डोके घालून बसलेली असेल. केळुसकर गुरुजींजवळ संपत्ती नव्हती. त्यांनी केवळ त्या मुलाकडे लक्ष दिले, त्याला हाताशी धरले आणि योग्य दारापर्यंत नेले. एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!