विद्येचे ऋण

विद्या संपादन करण्यास बुद्धी लागते, परिश्रम लागतात आणि जिद्द लागते. परंतु सातासमुद्रापलीकडील विद्यापीठात जाऊन उच्च शिक्षण घ्यावयाचे, तर याखेरीज पैसाही लागतो. बोटीचे भाडे, विद्यापीठाचे शुल्क, राहण्याजेवण्याचा खर्च आणि ग्रंथांची किंमत ही सारी बुद्धिमान गरीब विद्यार्थ्याच्या वाटेवर डोंगरासारखी उभी असतात. असे डोंगर ओलांडून ज्यांनी ज्ञान मिळविले आणि मिळविलेल्या ज्ञानाचे ऋण जन्मभर फेडले, ते थोर पुरुष म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत झाला. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या गावचे. वडील रामजी हे सैन्यात सुभेदार होते. आपल्या मुलाने पुष्कळ शिकावे, अशी त्यांना तळमळ होती. परंतु त्या काळी ज्या जातींना अस्पृश्य लेखीत, त्यांपैकी एका जातीत भीमरावांचा जन्म झालेला असल्यामुळे साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतर मुलांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी शाळेतल्या पाण्याला स्वतःच्या हाताने स्पर्श करण्याची मुभा नव्हती.

पुढे हे कुटुंब मुंबईस आले. परळच्या चाळीतील एका लहानशा खोलीत सारे बिऱ्हाड राही. अशा गर्दीत अभ्यास करून भीमराव १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानिमित्त झालेल्या सत्कारसभेस कृष्णाजी अर्जुन केळूसकर हे व्यासंगी शिक्षक उपस्थित होते. त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांना भेट दिले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. महाविद्यालयाचा खर्च सुभेदारांना पेलवेनासा झाला, तेव्हा केळूसकर गुरुजींनीच या होतकरू विद्यार्थ्याची गाठ बडोद्याचे अधिपती सयाजीराव गायकवाड यांच्याशी घालून दिली. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली आणि तिच्या आधारावर भीमराव बी. ए. झाले.

सयाजीराव महाराज हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातले. दत्तक जाऊन ते राजे झाले, तरी खेड्यातील अज्ञान त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १९०६ साली त्यांनी आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. हुशार तरुणांना राज्याच्या खर्चाने परदेशी पाठवावे आणि त्यांच्या ज्ञानाचा उपयोग राज्याला करून घ्यावा, असेही त्यांचे धोरण होते. १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाकडे काही विद्यार्थी पाठविण्याचे त्यांनी ठरविले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत भीमरावांचे वडील वारले होते. पितृवियोगाचे दुःख ताजे असतानाच ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी बडोदे सरकारशी करार केला. करारानुसार त्यांना तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळावयाचे होते. आणि शिक्षण संपताच दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचे बंधन त्यांच्यावर होते.

त्याच वर्षी जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. तेथे त्यांना कोणी जात विचारली नाही. वर्गात ते सर्वांबरोबर बसत आणि सर्वांबरोबर जेवत. मानवाच्या समतेचा हा अनुभव त्यांना अगदी नवा होता. परंतु शिष्यवृत्तीचा एकेक पौंड मोलाचा आहे, हे त्यांनी क्षणभरही दृष्टिआड होऊ दिले नाही. नाटके, सहली व मेजवान्या यांत न रमता ते दिवसचे दिवस ग्रंथालयात घालवीत. शिष्यवृत्तीतून वाचविलेले पैसे ते घरी पत्नी रमाबाईंकडे पाठवीत. उरलेल्यातून जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हिंडून ग्रंथ विकत घेत. सेलिग्मन यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे तत्त्वज्ञ त्यांना गुरू म्हणून लाभले. १९१५ साली ते एम. ए. झाले. पुढील वर्षी मे महिन्यात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला आणि पीएच. डी. साठी प्रबंधही सिद्ध केला.

ज्ञानाची तहान अशी की, एक घोट घेतला म्हणजे ती अधिकच वाढते. ऑक्टोबर १९१६ मध्ये भीमराव लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा आणि ग्रेज इनमध्ये कायद्याचा अभ्यास त्यांनी एकाच वेळी आरंभिला. पण १९१७ च्या उन्हाळ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परत येण्याविषयी आज्ञा आली. अभ्यास अर्धा झाला होता, हातात पैसा नव्हता. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवून त्यांनी जड अंतःकरणाने लंडन सोडले. पहिले महायुद्ध चालू होते. सामान घेऊन निघालेली बोट शत्रूने बुडविली आणि त्यांचे कित्येक ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. स्वतः भीमराव दुसऱ्या बोटीने आले, म्हणून वाचले. बुडालेल्या सामानाबद्दल विमा कंपनीकडून जी भरपाई मिळाली, तिच्यातूनच त्यांना बडोद्यास जाण्याचा खर्च भागवावा लागला.

करार पाळावयाचा, या निश्चयाने ते बडोद्यास रुजू झाले. परंतु अमेरिकेत व इंग्लंडमध्ये ज्यांना मानाने वागविले गेले, त्या विद्वानाच्या टेबलावर कचेरीतील शिपाई स्पर्श टाळण्यासाठी दुरून कागद फेकीत. साऱ्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर नाव पालटून त्यांनी एका पारशी पथिकाश्रमात आसरा घेतला. पण थोड्याच दिवसांत ही गोष्ट बाहेर फुटली आणि काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून घालवून दिले. शहरातील उद्यानात एका झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. दहा वर्षे नोकरी करण्याचे वचन देणारा तरुण ते पाळण्यास सिद्ध होता. पण ज्या समाजात त्याला पाळावयाचे होते, त्या समाजाने त्याला डोके टेकावयास छप्पर दिले नाही. उदार राजाची शिष्यवृत्ती माणसाला ज्ञानाच्या दारापर्यंत नेते. परंतु त्या ज्ञानाचा मान राखणे हे मात्र सर्व समाजाचे काम असते.

भीमराव खचले नाहीत. लंडनचा अपुरा अभ्यास त्यांना स्वस्थ बसू देईना. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये होता. त्या काळात ही रक्कम मोठी होती. तरीही ते चाळीतच राहिले. घरखर्चापुरते पैसे रमाबाईंच्या हाती देऊन बाकीचे ते लंडनसाठी शिल्लक टाकीत. स्वतःच्या साठ्याला त्यांनी न्यूयॉर्कच्या दिवसांपासूनचे स्नेही नवल भथेना यांच्याकडून घेतलेल्या पाच हजार रुपयांच्या कर्जाची जोड दिली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही साहाय्याचा हात पुढे केला. बडोद्यात ज्या समाजातील जमावाने भीमरावांना हाकलले होते, त्याच पारशी समाजातील एका मित्राने त्यांच्या शिक्षणासाठी आपली थैली मोकळी केली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९२० च्या जुलैमध्ये भीमराव पुन्हा लंडनला निघाले. आता त्यांच्या पाठीशी संस्थानची शिष्यवृत्ती नव्हती. जे होते ते कर्जाचे आणि पोटाला चिमटा घेऊन साचविलेले. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच ते आत जात आणि ते बंद होईपर्यंत जागेवरून उठत नसत. दुपारच्या जेवणाला बहुधा फाटाच असे. रात्री अभ्यास करता करता भूक असह्य झाली, म्हणजे एका परिचिताने दिलेले पापड भाजून खात आणि पुन्हा पुस्तक उघडीत. इकडे मुंबईत रमाबाई मोठ्या काटकसरीने संसार चालवीत होत्या. त्यांनी सोसलेल्या कष्टांचा वाटा त्या पदव्यांमध्ये निश्चितच आहे.

१९२१ साली त्यांना एम. एस्‌सी. ही पदवी मिळाली. पुढे त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून डी. एस्‌सी. साठी सादर केला. परीक्षकांनी त्यात फेरफार सुचविले. पण तेथे राहून ते करण्यास पैसा उरला नव्हता. तेव्हा १९२३ साली भीमराव मुंबईस परतले, येथे प्रबंध पुन्हा लिहून लंडनला पाठविला आणि त्याच वर्षी डी. एस्‌सी. झाले. दरम्यान ते बॅरिस्टरही झाले होते. कोलंबिया विद्यापीठाचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि १९२७ मध्ये पीएच. डी. ची पदवी त्यांना रीतसर मिळाली. हा ग्रंथ त्यांनी शिक्षणास केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञतापूर्वक सयाजीराव महाराजांना अर्पण केला.

इतक्या कष्टांनी मिळविलेली विद्या त्यांनी स्वतःच्या सुखासाठी वापरली नाही. दलितांच्या हक्कांसाठी त्यांनी महाड व नाशिक येथे सत्याग्रह केले. स्वतंत्र भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले. आपण ज्या वाटेने गेलो, ती वाट मागून येणाऱ्यांस सुकर व्हावी, याचीही चिंता त्यांनी वाहिली. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर असताना त्यांनी सरकारला निवेदन सादर करून अस्पृश्य मानलेल्या जातींतील विद्यार्थ्यांस उच्च शिक्षणासाठी व परदेशी अभ्यासासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी मागणी केली. त्यानंतर सरकारने शिष्यवृत्त्यांची तरतूद केली आणि काही विद्यार्थी परदेशी जाऊ शकले. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि तेव्हाच्या औरंगाबादेतील मिलिंद महाविद्यालय ही तिचीच फळे होत. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने आपल्या या विद्यार्थ्यास सन्माननीय पदवी देऊन गौरविले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे बाबासाहेबांचे निधन झाले.

भारत सरकारने १९५४ साली परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्तीची राष्ट्रीय योजना सुरू केली. महाराष्ट्र शासनाची अशीच एक योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते. अशी शिष्यवृत्ती मिळवून एखादा मजुराचा मुलगा किंवा शेतकऱ्याची मुलगी आज विमानाने परदेशी निघते, तेव्हा तिच्यामागे एका शिक्षकाची, दोन राजांची, एका मित्राची आणि एका सोशिक गृहिणीची पुण्याई असते. मुलांनो, कोणी आपल्या शिक्षणास हातभार लावला, तर ते ऋण मानावे. पैशाने ते पुरते फिटत नाही. मिळालेले ज्ञान दुसऱ्याच्या उपयोगी पडले, म्हणजेच ते फिटते.