फ्रिट्झ श्लायखर : घरोघरीं चित्रें पोंचविणारे जर्मन गृहस्थ

महाराष्ट्रांतील जुन्या घरांत कमलासनावरील लक्ष्मीची किंवा वीणाधारिणी सरस्वतीची तसबीर हटकून आढळते. हीं चित्रें राजा रविवर्म्यांचीं, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु ज्यांच्या श्रमानें तीं सामान्य जनांपर्यंत आलीं, त्या फ्रिट्झ श्लायखर या जर्मन गृहस्थांचें नांव थोड्यांसच माहीत असेल. त्यांचा वृत्तांत आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

रविवर्म्यांचीं तैलचित्रें राजवाड्यांत लागत. इतरांस त्यांचें दर्शन दुर्लभ होतें. त्यांच्या छापील प्रती काढाव्या, अशी सूचना सर टी. माधवराव यांनीं केली होती. तदनुसार रविवर्मा व त्यांचे बंधु राजा राजवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस शिळाछापखाना काढिला. शिळाछापाची युक्ति मूळ जर्मनींतील. म्हणून यंत्रें व कारागीर तेथूनच आणविले. श्लायखर हे त्या कारागिरांपैकीं एक होत.

हें काम मोठ्या सावधगिरीचें असे. गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूनें आकृति काढून शिळा ओली करावयाची. मग शाई तेलकट रेघांसच धरते, ओल्या जागेस धरत नाहीं. प्रत्येक रंगास निराळी शिळा लागे, व सर्व ठसे एकमेकांवर तंतोतंत बसावे लागत. एक ठसा केसभर सरकला, तरी देवतेच्या मुखावरील तेज जाऊन तेथें डाग दिसूं लागे.

चित्रांची वाहवा झाली, पण खर्च भागेना. तशांत १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला. १८९९ सालीं छापखाना लोणावळ्यानजीक मळवली येथें हलविला. कर्जाचा बोजा मात्र हलला नाहीं. अखेरीस विसाव्या शतकाच्या आरंभीं रविवर्म्यांनीं तो विकावयास काढिला, तेव्हां तेथेंच चाकरी केलेल्या श्लायखर यांनीं तो चित्रें छापण्याच्या हक्कासह विकत घेतला. परका मुलूख, परक्या पुराणकथा, आणि थोर चित्रकारासही न पेललेला धंदा! तरीही ते डगमगले नाहींत.

केवळ तसबिरींवर छापखाना जगणार नाहीं, हें त्यांनीं ओळखिलें. जाहिरातीचीं चित्रें व मालावरील लेबलें त्यांनीं छापावयास घेतलीं. धुरंधरांसारख्या चित्रकारांचीं चित्रेंही तेथून निघालीं, व पुढें चित्रपटाचे जनक म्हणून गाजलेल्या दादासाहेब फाळक्यांनींही या छापखान्यासाठीं काम केलें. पुढील कांहीं चित्रें पहिल्यांच्या तोडीचीं नव्हतीं, हा रसिकांचा आक्षेप खरा आहे. परंतु या किरकोळ कामांच्या मिळकतीनेंच थोर चित्रांच्या शिळा फिरत राहिल्या, हेंही विसरतां येत नाहीं.

आमच्या बार्शीस १८९७ सालीं लहान रुळांची गाडी सुरू झाली होती. अशा पेठांच्या गांवीं मालाबरोबर तसबिरीही येऊं लागल्या. ज्यांस देवळाचें दार बंद होतें, त्यांच्याही भिंतीवर आतां देवता विराजूं लागली. घरीं अशी तसबीर असल्यास विद्यार्थ्यांनीं तिच्या तळाशीं बारीक अक्षरांत कार्ला-लोणावळ्याचें नांव आहे कीं काय, तें अवश्य पाहावें.

रविवर्मा १९०६ सालीं निवर्तले व श्लायखर १९३५ सालीं. छापखाना त्यांच्यामागेंही चालला. १९७२ सालीं आगीनें तो भस्मसात् केला. चित्र निर्माण करणारा थोर खराच. पण बुडता छापखाना अंगावर घेऊन तें चित्र गरिबाच्या झोंपडीपर्यंत नेणारा कारागीरही आमच्या मतें आदरास पात्र आहे.