जे. जे. थॉमसन : इलेक्ट्रॉन शोधणारा धडपड्या माणूस



आठवीला 'अणूचे अंतरंग' शिकवताना थॉमसन यांचे प्लम पुडिंग प्रारूप येते. रदरफोर्ड यांच्या प्रयोगाने ते मागे पडले, एवढे सांगून आपण पुढे जातो. पण या माणसाची गोष्ट मुलांना कधी सांगितलीत का? चला, आज तीच पाहू या.

जोसेफ जॉन थॉमसन यांचा जन्म 18 डिसेंबर 1856 रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ झाला. वडील पुस्तकविक्रेते. मुलाने इंजिनिअर व्हावे ही त्यांची इच्छा. पण 1873 मध्ये वडील वारले आणि इंजिनिअरिंग कंपनीत उमेदवारी करण्यासाठी लागणारी मोठी फी घरच्यांना झेपेना. रस्ता बंद झाला! मग गणित चांगले असलेला हा मुलगा शिष्यवृत्ती मिळवून 1876 मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पोहोचला. 1884 मध्ये, वयाच्या अवघ्या 28 व्या वर्षी, तो कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचा प्रमुख झाला.

आता गंमत बघा. प्रयोगशाळेचा हा प्रमुख हाताने मात्र अगदी धांदरट! नाजूक उपकरणांना त्यांनी हात लावू नये म्हणून त्यांचे मदतनीस एबेनेझर एव्हरेट जपत असत. काचेच्या नळ्या फुंकून बनवायचे एव्हरेट, आणि विचार करायचे थॉमसन.

त्या काळी मोठा वाद होता, कॅथोड किरण म्हणजे लहरी की कण? ते कण असतील आणि त्यांच्यावर विद्युतप्रभार असेल, तर विद्युत क्षेत्रात ते वळायला हवेत. हर्ट्झसारख्या थोर शास्त्रज्ञाने हे करून पाहिले होते, पण किरण वळले नाहीत. थॉमसन यांनी त्यामागचे कारण शोधले. नळीत उरलेला वायू आड येत होता. त्यांनी तो आणखी काढून टाकला आणि किरण वळले! नंतर विद्युत व चुंबकीय क्षेत्र वापरून त्यांनी कणांच्या प्रभाराचे वस्तुमानाशी गुणोत्तर काढले. ते हायड्रोजन आयनाच्या हजारपटीहून जास्त आले. नळीतला वायू बदला, धातू बदला, उत्तर साधारण तेच. म्हणजे हा कण सगळ्याच अणूंमध्ये आहे. साल होते 1897. अणू अविभाज्य नाही, हे जगाला कळले.

1906 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. इलेक्ट्रॉन लहरीसारखाही वागतो हे दाखवल्याबद्दल 1937 मध्ये त्यांचा मुलगा जॉर्ज यालाही नोबेल मिळाले. वडिलांनी कण दाखवला, मुलाने लहर! 30 ऑगस्ट 1940 रोजी थॉमसन यांचे निधन झाले.

त्यांनी वळवलेला तो झोत आज कुठे पोहोचलाय, माहीत आहे? मुक्त इलेक्ट्रॉन लेसरमध्ये जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारा इलेक्ट्रॉनांचा झोत आलटून पालटून उत्तर-दक्षिण ध्रुव लावलेल्या चुंबकांमधून नेतात. इलेक्ट्रॉन नागमोडी धावतात आणि प्रकाश फेकतात. त्याच प्रकाशामुळे ते लहान लहान गटांत बांधले जातात आणि मग एका तालात कितीतरी प्रखर प्रकाश देतात. जॉन मेडी यांनी 1971 मध्ये ही कल्पना मांडली. 2009 पासून अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे असा क्ष-किरण लेसर चालू आहे. त्याने रेणूंच्या हालचाली टिपता येतात.

म्हणून सांगावेसे वाटते, प्रयोगवहीत आकृती वाकडी काढणाऱ्या, हातून परीक्षानळी फोडणाऱ्या मुलाला 'तुला विज्ञान जमणार नाही' असे म्हणू नका. त्याला एखादा एव्हरेट जोडून द्या. आणि प्रयोग फसला तर उत्तर खोडायला लावण्याआधी विचारा, का फसला बरं?