रोटिमी फानी-कायोडे : परक्या नजरेतून सोडविलेला देह

नायजेरियात जानेवारी १९६६ मध्ये लष्करी उठाव झाला, तेव्हा पश्चिम प्रांताचे उपमुख्यमंत्री रेमी फानी-कायोडे यांना बंडखोरांनी पकडून नेले. ते बचावले, मात्र कुटुंबाने देश सोडून इंग्लंडमधील ब्रायटन गाठले. त्यांचे पुत्र रोटिमी तेव्हा १० वर्षांचे होते.

योरुबा संस्कृतीचे आदिस्थान असलेल्या इफे नगरीत या घराण्याला मान होता. मुलाने प्रतिष्ठित व्यवसाय पत्करावा, ही घरच्यांची अपेक्षा. रोटिमी यांनी जॉर्जटाउन विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेही. परंतु न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमधून कलेची पदव्युत्तर पदवी घेऊन १९८३ मध्ये ते ब्रिटनला परतले, ते छायाचित्रकार म्हणून. आपली समलिंगी ओळख त्यांनी लपविली नाही. घराणे, मायदेश आणि गोऱ्यांचा समाज, तिन्ही ठिकाणी ते परकेच राहिले.

लंडनच्या ब्रिक्स्टन भागात सहचर अॅलेक्स हर्स्ट यांच्यासमवेत त्यांनी काम केले. आफ्रिकी पुरुषाचा देह पाश्चात्त्य कॅमेऱ्याने भयकारी बलदंड म्हणून किंवा अभ्यासाचा नमुना म्हणूनच टिपला होता. रॉबर्ट मॅपलथॉर्प यांचा प्रभाव रोटिमी मान्य करीत. पण मॅपलथॉर्प यांच्या चित्रांतील कृष्णवर्णीय पुरुष देखण्या शिल्पासारखा निश्चल भासतो, तर रोटिमी यांचा पुरुष एखाद्या विधीत मग्न असतो. १९८७ च्या ‘ब्राँझ हेड’ या छायाचित्रात इफेच्या राजमूर्तींच्या घडणीचे कांस्यमस्तक एका नग्न पुरुषदेहाखाली आहे. देह त्याला जन्म देतो आहे की त्यावर आरूढ होतो आहे, हे ठरविता येत नाही. इफेच्या मानकरी घराण्यातील मुलाने हे धाडस करावे, यातच त्या चित्राचा खरा दाह आहे. लागोसमध्ये आपले प्रदर्शन भरले तर दंगल उसळेल, अशी त्यांची स्वतःचीच अटकळ होती.

ब्रिटनही फारसे उदार नव्हते. स्थानिक संस्थांना समलैंगिकतेच्या ‘प्रसारा’स मनाई करणारे कलम २८ मे १९८८ मध्ये लागू झाले. त्याच वर्षी रोटिमी यांचे ‘ब्लॅक मेल/व्हाइट मेल’ हे पुस्तक निघाले आणि कृष्णवर्णीय छायाचित्रकारांची ‘ऑटोग्राफ’ ही संस्था लंडनमध्ये उभी राहिली. रोटिमी तिचे पहिले अध्यक्ष. दिल्लीत जन्मलेले छायाचित्रकार सुनील गुप्ता हेही संस्थापकांपैकी एक.

एड्सशी निगडित आजारात २१ डिसेंबर १९८९ रोजी, अवघ्या ३४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ब्रिटनमधील कारकीर्द जेमतेम सहा वर्षांची. हर्स्ट १९९२ मध्ये गेले. २००३ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात रोटिमी यांची छायाचित्रे मांडली गेली, ती आफ्रिकेच्या दालनात.