कुबड्यांवरून खोगिरावर : लिस हार्टेल

सन १९५२च्या जुलै महिन्यात हेलसिंकी येथे ऑलिम्पिक स्पर्धा भरल्या होत्या. ड्रेसाज या अश्वारोहण प्रकाराचा निकाल जाहीर झाला, तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या स्वाराला विजयमंचापर्यंत चालत जाणेही अवघड होते. सुवर्णपदक मिळविणारे स्वीडनचे हेन्री सेंट सिर यांनी आधार देऊन त्या स्वाराला मंचावर चढविले. या स्वार म्हणजे डेन्मार्कच्या लिस हार्टेल. त्यांच्या पायांत गुडघ्यांखाली शक्ती नव्हती. घोडीवर बसताना आणि उतरताना त्यांना दुसऱ्याची मदत घ्यावी लागे. अश्वारोहणात ऑलिम्पिक पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

लिस यांचा जन्म १४ मार्च १९२१ रोजी कोपनहेगनजवळच्या हेलरुप येथे झाला. माहेरचे आडनाव होल्स्ट. घोड्यांची आवड घरातच होती आणि मांड कशी धरावी याचे पहिले धडे आईनेच दिले. १९४३ आणि १९४४ अशी लागोपाठ दोन वर्षे त्या ड्रेसाजमध्ये डेन्मार्कच्या विजेत्या ठरल्या. देश तेव्हा जर्मन फौजांच्या ताब्यात होता.

१९४४च्या सप्टेंबर महिन्यात पोलिओने गाठले. वय अवघे तेवीस. घरात एक लहान मुलगी होती आणि दुसरे मूल पोटात होते. पोलिओवर लस निघायला अजून अकरा वर्षांचा अवकाश होता. अंग जवळजवळ पूर्ण लुळे पडले. बाळ सुखरूप जन्माला आले, परंतु आईला हात उचलण्यापासून सारे पुन्हा शिकावे लागले. काही महिन्यांनी कुबड्यांच्या आधाराने पावले टाकता येऊ लागली. मांड्यांच्या स्नायूंत बळ परतले, हातांतही पुष्कळसे परतले. गुडघ्यांखालचे पाय मात्र परतले नाहीत.

अशा अवस्थेत पुन्हा घोड्यावर बसण्याचा हट्ट धरणे कोणालाही वेडेपणाचे वाटावे. लिस यांनी तो धरला आणि तडीस नेला. १९४७ साली त्या स्कँडिनेव्हियातील स्पर्धेत उतरल्या आणि दुसऱ्या आल्या.

त्यांच्या यशाचे मोल कळण्यासाठी ड्रेसाज म्हणजे काय हे थोडे समजून घ्यावे लागेल. यात शर्यत नसते की अडथळ्यांवरून उड्या नसतात. घोड्याने ठरलेल्या चाली, वळणे आणि थांबे अचूक व सहज करून दाखवायचे असतात. स्वाराने दिलेली खूण मात्र पाहणाऱ्याला दिसता कामा नये. ही खूण मुख्यतः पोटऱ्यांच्या दाबाने दिली जाते. लिस यांच्याजवळ नेमके तेच साधन नव्हते. त्यांनी पाठीच्या व कमरेच्या हालचालीने, मांड्यांच्या दाबाने आणि शरीराचा भार किंचित इकडेतिकडे सरकवून घोडीशी बोलण्याची रीत बसविली. जुबिली नावाची ती घोडी ही भाषा शिकली. पायाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या घोड्याला भाराच्या इशाऱ्यावर आणणे हे महिनोन् महिन्यांचे काम आहे. पदक दोघींचे होते असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

तरीही १९५२पूर्वी त्यांना ऑलिम्पिकचे दार बंदच होते, आणि तेही आजारामुळे नव्हे. अश्वारोहणाच्या स्पर्धा केवळ सैन्यातील सनदी अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या असत. या नियमाचा काच इतका, की १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये स्वीडनच्या ड्रेसाज संघाने जिंकलेले सुवर्णपदक पुढे काढून घेण्यात आले. संघातील एक स्वार खरा अधिकारी नसून सार्जंट होता, एवढाच काय तो गुन्हा! हेलसिंकीला हा नियम सैल झाला आणि ड्रेसाज बिगरलष्करी पुरुषांना व महिलांना खुला झाला. चार महिला उतरल्या. लिस यांना ५४१.५ गुण मिळाले; तिसरे आलेले फ्रान्सचे आंद्रे जुसोम केवळ अर्ध्या गुणाने मागे राहिले. मराठी वाचकांना हेलसिंकी आठवते ते कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या कांस्यपदकामुळे. त्यांनी ते पदक मिळविले, त्याच आठवड्याभराच्या अंतराने लिस यांचे रौप्यपदक आले.

हेलसिंकीच्या स्पर्धा संपतात न संपतात तोच कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ उसळली. श्वास बंद पडलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसांत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने हाताने पिशवी दाबून हवा भरली, ती हीच साथ. पोलिओतून उठलेली एक स्त्री नुकतीच ऑलिम्पिक पदक घेऊन आलेली असताना शहरावर हे संकट यावे, हा विलक्षण योग होता. लिस यांनी पुढे पोलिओग्रस्तांच्या मदतनिधीसाठी आपले नाव आणि आपली कला उपयोगात आणली.

त्यांच्या उदाहरणाने युरोपातील भौतिकोपचार करणाऱ्यांचे लक्ष घोड्याकडे वळले. नॉर्वेच्या एल्सेबेट बोट्कर यांनी पन्नासच्या दशकात अपंग मुलांना घोड्यावर बसविण्यास प्रारंभ केला. १९६९ साली ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत या कार्यासाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाल्या. नेदरलँड्समध्ये तर असे केंद्र लिस हार्टेल यांच्याच नावाने उभे राहिले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. घोड्यामुळे लिस यांचा पोलिओ बरा झाला असे मानणे चुकीचे आहे. मेलेल्या मज्जापेशी कोणत्याही स्वारीने जिवंत होत नाहीत. घडते ते वेगळेच. घोडा संथ चालतो तेव्हा त्याच्या पाठीची हालचाल स्वाराच्या कमरेला पुढे-मागे, वर-खाली आणि बाजूंना अशी हलविते, की ती माणसाच्या चालण्याशी पुष्कळ मिळतीजुळती असते. ज्याला स्वतः चालता येत नाही, त्याच्या धडाला तोल सावरण्याचा सराव त्यातून मिळतो. शिवाय चाकाच्या खुर्चीतून सदैव वर पाहावे लागणाऱ्या मुलाला घोड्यावरून प्रथमच खाली पाहायला मिळते. याची गणना कोणत्या उपचारात करावी?

या कामाला लागणारा घोडा सहज मिळत नाही. तो वयाने पोक्त, न बुजणारा, सारख्या चालीचा असावा लागतो. एकेका स्वारामागे लगाम धरणारा एक आणि दोन्ही बाजूंनी सांभाळणारे दोघे, अशी माणसे लागतात. तोल नसलेला भार वाहून घोडा लवकर थकतो, म्हणून त्याच्या कामाचे तास मर्यादित ठेवावे लागतात. पण चंदी, वैरण, नालबंदी आणि पशुवैद्य यांचा खर्च सुट्टी घेत नाही. मुलांकडून घेतलेल्या शुल्कात तो भागत नसल्याने अनेक केंद्रांनी घोडा दत्तक देण्याची पद्धत काढली. देणगीदार एका घोड्याचा वर्षभराचा खर्च उचलतो. घोडा मात्र केंद्राचाच राहतो. अडचण येते ती म्हाताऱ्या घोड्यांची. स्वार पेलवेनासा झालेल्या जनावरासाठी पैसे देणारे कमी मिळतात, आणि खरा पोशिंदा तेथेच ओळखू येतो.

लिस यांनी १९५६ साली पुन्हा रौप्यपदक मिळविले. त्या वर्षीच्या ऑलिम्पिक स्पर्धा मेलबर्नला झाल्या, तरी ऑस्ट्रेलियाच्या विलगीकरणाच्या कडक नियमांमुळे घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोम येथे घेण्यात आल्या. तेथेही त्यांच्या पुढे सेंट सिर हेच होते. ड्रेसाजचे वैयक्तिक सुवर्ण महिलेच्या हाती यायला १९७२ साल उजाडावे लागले. अपंग खेळाडूंच्या पॅरालिम्पिकमध्ये अश्वारोहणाचा समावेश तर १९९६ साली, अटलांटा येथे झाला. २००५ मध्ये डेन्मार्कच्या सर्वकालीन श्रेष्ठ दहा खेळाडूंत लिस हार्टेल यांची गणना झाली. १२ फेब्रुवारी २००९ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. गुडघ्यांखालचे पाय अखेरपर्यंत लुळेच होते.