कस्तुरबांचे सूत : संसाराच्या रगाड्यात चाललेला चरखा

दुपारची भांडी-धुणी आवरली की गावात ओसरीवर बायका हातात काहीतरी घेऊन बसतात. कुणी गोधडीला टाके घालते, कुणी सुनेच्या बाळंतपणासाठी लोकरीचे टोपडे विणते. बोलणे चालू, हात चालू. हे काम कोणत्याच रजिस्टरला चढत नाही. ग्रामपंचायतीच्या कागदावर त्या बाईच्या नावापुढे घरकाम एवढाच शब्द असतो. अशाच उरल्यासुरल्या वेळात पंचवीसेक वर्षे सूत काढणाऱ्या एका बाईची ही हकीकत आहे. नाव सगळ्यांना ठाऊक आहे, कस्तुरबा गांधी. महात्माजींच्या चरख्यावर ढीगभर लिहून झाले. बांच्या चरख्याकडे मात्र फारसे कुणी वळत नाही.

कस्तुरबांचा जन्म 1869 सालचा, काठेवाडातल्या पोरबंदरचा. वडील गोकुळदास कापडिया व्यापारी, घर खाऊनपिऊन सुखी. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि नवराही जवळपास तेवढ्याच वयाचा. पुढे हरिलाल, मणिलाल, रामदास आणि देवदास असे चार मुलगे झाले. नवरा बॅरिस्टर होऊन दक्षिण आफ्रिकेत गेला. 1896 च्या अखेरीस मुलांना घेऊन बाही बोटीत बसल्या आणि 1897 च्या जानेवारीत डर्बनला उतरल्या.

तिथला संसार साधा नव्हता. घरात पाहुणे, कारकून, चळवळीतली माणसे यांचा सतत राबता. 1904 साली डर्बनजवळ फिनिक्स आश्रम निघाला आणि घराचा आश्रमच झाला. 1901 साली परत निघताना लोकांनी दिलेल्या भेटींत बांसाठी एक सोन्याचा हार होता. तो ठेवायचा की नाही यावर नवराबायकोत चांगलीच जुंपली. उद्या सुना येतील, त्यांच्या अंगावर काय घालू, हा बांचा मुद्दा होता. मला तरी तो कुठल्याही संसारी बाईचा सरळ मुद्दा वाटतो. पण शेवटी सगळे दागिने लोककार्याच्या विश्वस्त निधीत गेले. 1913 साली तिथल्या कोर्टाच्या निकालाने हिंदी लोकांची लग्ने बेकायदा ठरू लागली तेव्हा बा स्वतः सत्याग्रहात उतरल्या आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगून आल्या.

1915 साली मंडळी हिंदुस्थानात परतली आणि अहमदाबादजवळ कोचरबला आश्रम सुरू झाला. दुदाभाई हे त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातले. ते बायको दानीबेन आणि तान्ह्या लक्ष्मीला घेऊन आश्रमात राहायला आले तेव्हा बांना ते प्रथम रुचले नव्हते. ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. पुढे तीच लक्ष्मी गांधी घराण्याची मुलगी म्हणून वाढली.

कपड्याचा प्रश्न बांच्या नजरेपुढे उभा राहिला तो 1917 साली, बिहारमधल्या चंपारणात. निळीच्या शेतकऱ्यांचा लढा चालू होता आणि खेड्यांत शाळा व सफाईच्या कामासाठी बायका हव्या होत्या. आपल्या मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले तिथे गेल्या, बाही गेल्या. भितिहरवा गावाजवळच्या एका खेड्यात बायकांची लुगडी फार मळलेली दिसली. त्या धूत का नाहीत हे विचारायला गांधींनी बांना पाठवले. एका बाईने बांना झोपडीत नेले आणि घर उघडे करून दाखवले. पेटी नाही, कपाट नाही, दुसरे लुगडे नाही. अंगावरचे धुवायचे तर नेसायचे काय? स्वच्छतेचा धडा द्यायला गेलेल्या बा काय समजायचे ते समजून परत आल्या. गावात योजना घेऊन जाणाऱ्या आम्हा मंडळींनी ती झोपडी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आश्रमात तोवर हातमाग होते, पण सूत गिरणीचे. हाताने सूत काढणारे कुणी सापडत नव्हते. गंगाबेन मजमुदार या धडाडीच्या विधवा बाईने शोध घेतला आणि बडोदा संस्थानातल्या विजापूर गावात माळ्यावर टाकून दिलेले चरखे सापडले. कातणाऱ्या बायका तयार होत्या, फक्त पेळू पुरवणारा आणि सूत विकत घेणारा हवा होता. मुंबईच्या मणिभवनात गांधी आजारी असताना त्यांच्या खोलीत चरखा फिरू लागला, तिथेही कातायला शिकणाऱ्यांत अवंतिकाबाई होत्या. साबरमतीच्या आश्रमात तर पुढे सूत हा रोजचा नेमच झाला. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर हजेरी व्हायची आणि ज्याने त्याने दिवसभरात किती तार काढले तो आकडा सांगायचा. त्यातून ना बापू सुटले ना बा.

बांकडे वेळ होता कुठे? आश्रमाचे स्वयंपाकघर, येणारे-जाणारे, आजारी माणसे हे सगळे होतेच. शिवाय 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत थोरली सून, हरिलालांची बायको वारली आणि तिची लहान लेकरे बांच्या पदरात आली. त्यांतला रसिक 1929 साली ऐन तारुण्यात गेला. हरिलाल बापाशी भांडून घराबाहेर, व्यसनाच्या नादी लागलेले. त्याचे दुःख बांनी जन्मभर उरात वागवले. अशा घरात चरखा चालवायचा म्हणजे मधल्या फटी शोधायच्या. पण चरख्याचे एक बरे आहे, तो अर्धवट टाकता येतो. दूध उतू जाते म्हणून उठलात, परत येऊन बसलात, तुटलेला तार पेळूला लावला की काम पुढे चालू. विणकामाच्या सुयांचेही तसेच आहे. मागावर बसायचे म्हटले तर ठिय्या मारावा लागतो, चरख्याला आणि सुयांना तेवढा हट्ट नाही.

याचा हिशोब आपल्या भाषेत मांडून बघू. चार फुटांचा एक तार. 160 तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे 640 तारांची एक गुंडी. गुंडीत साधारण 853 वार सूत भरते. आता साडेपाच वार लांब, 45 इंच पन्ह्याची साडी घ्या आणि इंचाला उभे-आडवे चाळीस-चाळीस धागे धरा. उभ्या धाग्याला 9,900 वार, आडव्याला तेवढेच, म्हणजे सगळे मिळून 19,800 वार. गुंड्या झाल्या तेवीस, तुटफूट धरून चोवीस. बेताच्या हाताने तासाला एक लटी निघते असे धरले तर गुंडीला चार तास आणि साडीला 96 तास. रोज अर्धा तास कातले तर एका साडीचे सूत व्हायला सहा महिन्यांवर काळ जातो. यात सरकी काढणे, पिंजणे, पेळू वळणे आणि मागावरचे विणणे धरलेलेच नाही. म्हणून हाताच्या सुताची साडी ही दुकानातून आणलेल्या साडीसारखी वस्तू नव्हती. कुणाचा तरी अर्ध्या वर्षाचा रोजचा अर्धा तास त्यात असायचा.

मार्च 1922 मध्ये गांधींना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळी बांनी स्वतःच्या नावाने देशाला निवेदन काढले. मागण्या तीनच होत्या. सगळ्यांनी परदेशी कापड सोडून खादी वापरावी, बायकांनी सूत काढणे हे धर्मकर्तव्य मानावे आणि व्यापाऱ्यांनी परदेशी कापडाचा धंदा बंद करावा. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावच्या काँग्रेसमध्ये सभासद व्हायला महिन्याला 2,000 वार सुताची अट ठरली. पुढच्याच वर्षी अखिल भारतीय चरखा संघ निघाला. सूत आता देशाचे राजकारण झाले होते. बांच्या घरी मात्र ते घरातलेच काम राहिले.

आश्रमाचा नियम कडक, खासगी पैसा कुणी ठेवायचा नाही. कुणीतरी भेट दिलेले चार रुपये बांकडून कार्यालयात जमा करायचे राहिले. 1929 साली गांधींनी ही गोष्ट थेट नवजीवनमध्ये छापून टाकली. सत्याचा आग्रह मान्य, पण बायकोच्या चार रुपयांचा असा जाहीर पंचनामा मला पटत नाही. दागिने गेले, पैसा गेला, स्वतःचे म्हणावे असे घर उरले नाही. स्वतःची खोली म्हणावी तर ती वर्ध्याजवळ सेवाग्रामला मिळाली. 1936 साली गांधी तिथे राहायला आले, तेव्हा त्या खेड्याचे नाव शेगाव होते. पहिल्या झोपडीत सगळीच दाटीवाटी. बायामाणसांची कुचंबणा पाहून जमनालाल बजाजांनी बांसाठी वेगळी कुटी बांधवली. बा-कुटी आजही तिथे आहे, मातीच्या भिंती आणि कौलारू छप्पर. त्या दिवसांत रामदासांचा मुलगा कनु आजीजवळ असायचा. पहाटे चारच्या प्रार्थनेला उठायचे, स्वयंपाकघरावर नजर ठेवायची, नातवाचे बघायचे, आजाऱ्याची विचारपूस करायची, गीता-रामायण अडखळत वाचायचे आणि यातूनच वेळ काढून कातायचे. सत्तरी गाठली तरी क्रम तोच. मध्येच 1939 साली राजकोटच्या सत्याग्रहात जाऊन त्या अटकही झाल्या.

9 ऑगस्ट 1942 ला मुंबईत गांधींना पकडले. संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत त्यांच्याऐवजी बा बोलणार होत्या, म्हणून त्यांनाही धरले आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आणून ठेवले. पाठोपाठ 15 ऑगस्टला महादेवभाई देसाई तिथेच गेले. मुलासारखा माणूस डोळ्यांदेखत गेला त्याचा बांनी फार धसका घेतला. हृदयाचे दुखणे वाढत गेले. शुश्रूषेसाठी नात्यातली मनू हिला 1943 साली नागपूरच्या तुरुंगातून इकडे आणले.

बांनी एक साडी जपून ठेवली होती. बापूंनी स्वतः काढलेल्या सुताची ती साडी. शेवटच्या वेळी तीच नेसवा, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. ज्या बाईने उभ्या जन्मात स्वतःजवळ काही ठेवले नाही, तिने ही एक वस्तू राखली. कातायला किती तास लागतात हे तिला स्वतःच्या बोटांनी माहीत होते.

22 फेब्रुवारी 1944, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी बापूंच्या मांडीवर बांनी प्राण सोडला. दुसऱ्या दिवशी पॅलेसच्या आवारातच, महादेवभाईंना जिथे अग्नी दिला होता त्याच्या शेजारी, बापूंच्या सुताची ती साडी नेसवून त्यांना अग्नी दिला. धाकटे देवदास जवळ होते. नंतर राखेत बांच्या काचेच्या बांगड्या न फुटता सापडल्या.