गेलेल्याची बाजू

सप्टेंबर आला की मला अभिजित गाडगीळ आठवतो. तो आमच्या यवतमाळचा नाही. पण लेकासारखा वाटतो. वडील वैमानिक. त्यानंही आकाशच निवडलं, हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट झाला. १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानातल्या सुरतगडहून त्याचं मिग-२१ उडालं आणि काही क्षणांतच कोसळलं. वय अवघं २७.

बोट वैमानिकाच्याच चुकीकडे दाखवलं गेलं. गेलेला माणूस उत्तर कसं देणार? ते त्याच्या आईनं, कविताताईंनी दिलं. जुन्या विमानांत पोरांचे जीव का जातात, हे त्या सरकारला विचारत राहिल्या. पुढे पुण्यात ‘जीत’ संस्था काढून वैमानिकांना सिम्युलेटरवर सरावाची सोय केली. दुसऱ्यांची लेकरं सुखरूप उतरावीत, एवढ्यासाठी. मिग-२१ अखेर २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं.

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी मी कामानिमित्त जाते. तिथंही लोक म्हणतात, त्याचंच चुकलं. मदतीच्या कागदावर ‘अपात्र’ असा शेरा पडतो. बायको बिचारी डोळ्याला पदर लावून गप्प. मग मी तिच्याजवळ बसते अन् कविताताईंची गोष्ट सांगते. गेलेल्याची बाजू आपण नाही मांडायची, तर कोणी?